पुलाच्या खालच्या अंगाला

संपादकांनी यंदा विषय दिला लोखंड. कुणी नांगराचा फाळ उचलला, कुणी तिजोरी, कुणी कढई. माझ्या वाट्याला पूल आला आणि जिल्हा आला बीड. डोळ्यांसमोर चित्र पक्कं होतं: रुंद नदी, तिच्यावर त्रिकोणांच्या जाळीचा लांबलचक लोखंडी सांगाडा, आतून धडधडत जाणारे ट्रक. इंजिनिअर ज्याला ट्रस ब्रिज म्हणतात तो.

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीड, तिथून गेवराई आणि पुढे थेट गोदावरीचा काठ असा महामार्गाने आलो. पूल लागत गेले. बीड शहराची दोन अंगं करणारी बिंदुसरा, मग सिंदफणा, मग लहानमोठे ओढे. सगळे पूल काँक्रीटचे. कठड्यावरून वाकून पाहिलं तर खाली करड्या तुळया आणि तितकेच करडे खांब. आतून जाता येईल असा लोखंडी सांगाडा काही वाटेत भेटला नाही. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "मग तो तिथे का नाही, हेच लिहा." संपादक असे सुटतात.

कैची

सांगाडा मिळाला, पण नदीवर नाही. गेवराईच्या बाहेर रस्त्यालगत फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, त्यांतल्या एका दुकानापुढे तो जमिनीवर आडवा पडला होता. हा कापसाचा मुलूख. कापूस आला की जिनिंग, जिनिंग म्हटलं की पत्र्याची मोठी शेड, आणि पत्रा पेलायला खाली कैची. दोन भिंतींमध्ये एकही खांब न घेता छप्पर तोलणारी ही त्रिकोणी चौकट म्हणजे ट्रसच. फरक फक्त अंगाचा आणि ओझ्याचा.

दुकानदाराला मी पुलांवर लिहितोय म्हटल्यावर हसू आलं. "पुलाचं काम आमच्याकडं कुठलं येतंय सर? पण हिशोब तोच बघा." त्याने भंगारातले अँगलचे चार तुकडे घेतले, चौकोन मांडला, कोपऱ्यांना वेल्डिंगचा एकेक बारीक टाका मारला. चौकोन उभा धरून मला वरच्या कोपऱ्यावर हात टेकायला सांगितलं. नुसत्या तळहाताने तो कलला, पतंगासारखा तिरपा झाला. मग त्याने तो सरळ करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाचवा तुकडा जोडला. आता मी अंगातलं सगळं वजन टाकलं तरी चौकट जागची हलेना. "आता वाकायचं म्हणलं तर एखादा अँगलच तुटायला पाहिजे," तो म्हणाला.

एवढंच आहे ट्रसचं शास्त्र. चौकोनाला बाजूंची लांबी तीच ठेवून आकार बदलता येतो, त्रिकोणाला येत नाही. त्रिकोण एकाला एक जोडत गेलं की लांबच लांब तुळई तयार होते आणि तिच्यात लोखंड लागतं ते जिथे ताकद हवी तिथेच. वरून ओझं आलं की खालची आडवी पट्टी ताणली जाते, वरची दाबली जाते, मधल्या तिरक्या पट्ट्यांपैकी काही ओढल्या जातात, काही चेपल्या जातात. ओढली जाणारी पट्टी सडपातळ चालते. चेपली जाणारी सडपातळ ठेवली की तिला बाक येतो, म्हणून ती जाड. नजर बसली की लांबून पाहूनही कुठल्या पट्टीवर काय गुदरतंय ते वाचता येतं. मला लोखंडी पुलांचं आकर्षण आहे ते यासाठी. हा पूल आपलं ओझं लपवत नाही.

आणि ज्या ठिकाणी चार-पाच पट्ट्या एकत्र येतात तिथे एक सपाट पत्रा असतो, गसेट प्लेट. दुकानदाराच्या कैचीत ती तळहाताएवढी होती. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा ट्रस पूल १ ऑगस्ट २००७ रोजी संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि १३ माणसं गेली, ती याच पत्र्यापायी. १९६७ साली पूल बांधला तेव्हा काही गसेट प्लेट हव्या त्याच्या निम्म्याच जाडीच्या बसवल्या गेल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी निभावलं. पुढे रस्त्याचा थर वाढला आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी खडी-वाळूचे ढीग नेमके पुलावर रचलेले होते. कोसळण्याच्या चार वर्षं आधी काढलेल्या फोटोंत त्या प्लेटला आलेला बाक स्पष्ट दिसतो. फोटो होते, पण कुणी ते त्या नजरेने पाहिले नाहीत.

हीच गंगा, खाली राजमहेंद्रीला

बीडच्या उत्तर सीमेवरच्या माणसाला गोदावरी म्हणालात तर कळतं, पण तो स्वतः म्हणतो गंगा. काठचा पट्टा म्हणजे गंगथडी. पैठणहून आलेली ही गंगा शहागडजवळ महामार्गाखालून जाते, गेवराई आणि माजलगाव तालुक्यांची कड धरत वाहते, वाटेत राक्षसभुवन लागतं, जिथे १७६३ च्या ऑगस्टमध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाला गाठलं, आणि मंजरथला सिंदफणा तिला येऊन मिळते.

ज्या पुलाच्या शोधात मी निघालो होतो तो याच नदीवर आहे, फक्त शेकडो किलोमीटर खाली. आंध्रात राजमहेंद्री आणि कोव्वूरच्या मध्ये १९७४ साली सुरू झालेला रेल्वे आणि रस्ता असा दुहेरी पूल. खालच्या मजल्यावर रेल्वेचा रूळ, वरच्या मजल्यावर मोटारींचा रस्ता. ९१.५ मीटरचे २७ गाळे आणि ४५.७ मीटरचे ७. त्याच्या शेजारी १९०० सालचा जुना हॅवलॉक पूल ५६ गाळ्यांचा, १९९७ मध्ये निवृत्त झालेला.

तिकडे आहे आणि इकडे नाही, याचं उत्तर नदीच्या तळाशी आहे. राजमहेंद्रीला गोदावरी समुद्राच्या जवळ आलेली, पात्र अफाट, खाली वाळूचा खोल थर. तिथे प्रत्येक खांबासाठी विहिरीसारखा पाया खोल उतरवावा लागतो आणि एकेक पाया म्हणजे स्वतंत्र प्रकल्प. मग खांब कमी ठेवायचे आणि दोन खांबांतलं अंतर वाढवायचं. अंतर वाढलं की काँक्रीटची अडचण सुरू होते. त्याचं स्वतःचंच वजन इतकं वाढत जातं की अर्धी ताकद स्वतःला तोलण्यात खर्च होते. लोखंडी जाळी तिथे हलकी पडते.

आपल्याकडे दख्खनचा काळा कातळ. वरची माती-वाळू काढली की बहुतेक ठिकाणी बेसाल्ट हाताशी येतो. पंचवीस-तीस-चाळीस मीटरवर एकेक खांब रोवत जाणं परवडतं. खडीचा क्रशर प्रत्येक तालुक्यात, वाळू नदीत, सळई आणि सिमेंट कुठूनही येतं, सेंटरिंगवाले मजूर गावात मिळतात. लोखंडी सांगाडा मात्र दूरच्या कारखान्यात घडवायचा, तुकड्यांनी आणायचा, पात्रावर चढवायचा, आणि पुढे जन्मभर गंज खरवडून रंग द्यायचा. रस्ते खात्याला हा नाद झेपणारा नाही. रेल्वेला झेपतो, कारण तिच्याकडे पुलांसाठी स्वतंत्र माणसं आहेत, लखनौच्या संशोधन संस्थेची ठरलेल्या मापांची रेखाचित्रं आहेत (३०.५, ४५.७, ६१ आणि ७६.२ मीटर), आणि तिची गाडी ट्रकपेक्षा कितीतरी जड आहे. म्हणून आपण त्रिकोणी सांगाडे पाहतो ते बहुतेक आगगाडीच्या खिडकीतून.

हद्दीवरचा पूल

शहागड जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. समोरचा काठ बीडचा, तालुका गेवराई. मधली नदी ही हद्द. महामार्ग आता ५२ क्रमांकाचा, जुन्या माणसांच्या तोंडी अजून २११. येडशीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत तो चौपदरी झाला आणि पाडळसिंगीचा टोलनाका ओलांडून गाड्या अशा सुसाट येतात की नदी कधी मागे पडली हे मागच्या सीटवरच्या पोरांना कळतही नाही.

मला खाली उतरायचं होतं. सोबत सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता होते. मराठवाड्यात त्यांची हयात गेली. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसतं काका म्हणतो. ऊन रणरणत होतं, नदीत पाणी डबक्यांपुरतं. उतरायला वाट अशी नव्हतीच. वेड्या बाभळीतून, शर्टाला काटे सोडवत, भरावाच्या दगडांवरून घसरत खाली आलो. काकांचं वय सत्तरीच्या पुढे. हातात काठी, ती टेकायला कमी आणि ठोकायला जास्त.

पुलाखाली आलं की महामार्गाचा आवाजच बदलतो. वर नुसती घरघर असते. खाली प्रत्येक गाडी सांध्यावरून जाताना दोनदा ठोका देते, पुढच्या चाकांचा एक आणि मागच्यांचा एक. लादलेला मोठा ट्रक आला की ठोक्यांची रांगच लागते. काका मान वर करून ऐकत राहिले. "सांधा ढिला झाला की आवाज बदलतो. आमच्या वेळचे मुकादम कानानं सांगायचे."

मग त्यांनी काठीने खांबाच्या माथ्याकडे दाखवलं. खांब आणि तुळई यांच्या मध्ये काळी, चपटी गादी. बेअरिंग. रबराच्या थरांमध्ये पोलादी पत्रे घालून ती बनवतात. तुळई खांबावर थेट बसवलेली नसते, या गादीवर ठेवलेली असते, कारण तिला हलायला मुभा हवी. चाळीस मीटरची तुळई हिवाळ्याच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत तीस अंशांचा फरक सोसते तेव्हा साधारण दीड सेंटिमीटर लांबते. राजमहेंद्रीच्या ९१.५ मीटरच्या लोखंडी गाळ्याचा हिशेब चाळीस अंशांना चार सेंटिमीटरच्या वर जातो. ही वाढ अडली तर तुळई खांबाला ढकलते, आणि त्या ढकलण्यापुढे काँक्रीट टिकत नाही. वर रस्त्यात आपल्याला जी रबरी पट्टीची फट लागते ती त्यासाठीच सोडलेली.

"फट बुजली, तिच्यात माती-खडे बसले, की रोग सुरू," काका म्हणाले. त्यांनी नोकरीत पाहिलेला क्रम असा. आधी पाणी जायचे पाइप तुंबतात. मग पावसाचं पाणी रस्त्यावर साचतं आणि वाट शोधत सांध्यातून खाली झिरपतं, बेअरिंगवर आणि तुळईच्या टोकावर. आतली सळई गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं, वरचं काँक्रीट सोलून काढतं. तोवर रस्त्यावरून जाणाऱ्याला काहीच दिसत नाही. लोखंड इथेही आहे, भरपूर आहे, फक्त पोटात आहे.

वाळू

खांबाच्या बुडाशी काकांनी काठी वाळूत खुपसली. इथला पूल कसा आहे यावर ते बोलले नाहीत, वाळूवर मात्र बोलत राहिले.

गेवराईच्या गंगथडीत वाळूवर बोलताना माणसं आवाज खाली घेतात. रात्री वाळूचे हायवा ट्रक निघतात. पाण्यात वाळू उपसणाऱ्या केनी आणि तराफे चालतात. महसूलचं पथक येतं, तराफे जाळतं, फोटो छापून येतात, आठवड्याने नवे तराफे लागतात. पथक या काठाने आलं की त्या काठाला, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात. हद्दीचा असा उपयोग. पुलाच्या आसपास ठरावीक अंतरात वाळू उपसायला बंदी असते, पण बंदीची रेघ पाण्यावर काढलेली.

बंदी पाळली तरी प्रश्न सुटत नाही, हे मला काकांमुळे कळलं. पुलापासून दूर, खालच्या अंगाला मोठा खड्डा केला तरी तो जागेवर राहत नाही. पहिल्या जोराच्या पाण्यात खड्ड्याची वरची कड ढासळते, मग त्याच्या वरची, आणि खड्डा उलट्या दिशेने, प्रवाहाच्या विरुद्ध, पुलाकडे सरकत येतो. आधी वाळू भरून यायची. वरून नदी नवी आणायची. पैठणचं धरण झाल्यापासून, १९७६ पासून, वरची वाळू त्याच्या जलाशयात, नाथसागरात, अडते. ओढे-नाले आणतात तेवढीच भर. म्हणजे जी उपसतोय ती बहुतांशी जुनी पुंजी आहे, आणि तिच्यावर खांब उभे आहेत. त्या खांबांच्या काँक्रीटमध्येही कुठल्या तरी नदीचीच वाळू.

बुडाशी काय चाललंय ते वरून कळत नाही. महाडला सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला, तो ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा होता. मुसळधार पाऊस, काळोख. दोन एसटी आणि इतर वाहनं त्या पोकळीत गेली. नंतर सांगण्यात आलं की त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता. मला त्यात खोटेपणा दिसत नाही. मे महिन्यात वरून पाहिलं तर पूल ठीकच दिसतो. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि त्याचं कौतुकही रास्त होतं. मात्र १६५ दिवसांत पूल बांधू शकणारी यंत्रणा जुन्या पुलाच्या बुडाशी एक दिवस का घालवू शकत नाही, हा प्रश्न तेव्हा फार कुणी विचारला नाही.

पाणी सुटलं की

पैठणच्या याच धरणाला, जायकवाडीला, २७ दरवाजे. ते उघडले की गंगथडीत निरोप येतो: मोटारी काढा, जनावरं वर न्या. २०२५ च्या सप्टेंबरअखेर ही वेळ अशी आली की निरोपाला पाय फुटायच्या आत पाणी आलं. २८ सप्टेंबरला विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला. क्युसेक हा शब्द बातम्यांत रोज येतो आणि डोळ्यांपुढे काहीच उभं करत नाही, म्हणून हिशेब मांडतो: सेकंदाला साधारण ८५ लाख लिटर. उसात पाणी, कापसात पाणी, गावांना वेढे.

शहागडच्या बाजूला चहाची टपरी चालवणारा माणूस म्हणाला, "लोकं पूर बघायला पुलावरच यायलेत की. मोबाइल घेऊन. पोलीस हाकलून हाकलून थकले." मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, पुरात खांबाच्या पायथ्याशी काय होतं ते त्या लोकांना दिसत असतं तर एकही थांबला नसता.

वाहतं पाणी खांबाला अडलं की त्याचा काही भाग सरळ खाली मुसंडी मारतो, तळाला आपटतो आणि भोवरा होऊन खांबाच्या दोन्ही अंगांनी वाळू उकरत निघतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. वाहून आलेल्या बाभळी, जलपर्णी, कडबा खांबाला अडकले की खांब जणू आणखी रुंद होतो आणि उकरणं वाढतं. या प्रकारातली लबाडी अशी की खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर ऐन भरात असताना. पाणी उतरू लागलं की तीच नदी वाळू आणून तो खड्डा मऊसर भरून टाकते. दिवाळीनंतर कुणी पाहायला गेलं तर खांबाभोवती वाळू छान सारखी पसरलेली. पुरात ती किती हात खोल गेली होती, याची खूण राहत नाही. म्हणून पाया कातळात किती गेलाय यावर सगळं असतं. पुलाचं जे आयुष्य आहे ते त्या न दिसणाऱ्या दोन-चार मीटरांत ठरतं.

माणसांचं वजन

ट्रकचं भय सगळ्यांना वाटतं, गर्दीचं कुणालाच नाही. महामार्गाच्या पुलांची आखणी करताना कागदावर वाहनांची एक काल्पनिक रांग चालवून पाहतात. भारतीय रस्ते परिषदेच्या नियमांत 'क्लास ए' म्हणजे ५५.४ टनांची वाहनमाला, आणि '७० आर' म्हणजे चाकांवरचं १०० टनांचं धूड. उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर डोळ्यांना कितीही अचाट वाटला तरी या हिशेबात बसून जातो. तो रस्त्यावरच्या इतरांना धोका आहे, पुलाला कमी. दसरा-दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, ट्रकात संसार, वर शेळ्या, कडेला लटकलेली भांडी. हे सगळं वजन पुलाला जाणवतही नसेल.

दाटीने उभी माणसं वेगळी. चौरस मीटरला ५०० किलो धरावे, असं नियम सांगतो. आषाढीला मुक्ताबाईंची पालखी याच वाटेने गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात येते तेव्हा दिंड्या पुलावर येतात, पण चालत्या असतात आणि पूल महामार्गाचा, म्हणून निभावतं. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल अरुंद, पायी जाण्यापुरता. १५ जून २०२५, रविवार. पावसाळी पाणी पाहायला आलेले लोक पुलावरच थांबले, दुचाकीही होत्या. पूल गेला, चार माणसं गेली, पन्नासावर जखमी झाली. धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. लोखंडी सांगाडा आपलं ओझं लपवत नाही असं मी वर लिहिलं, त्याला ही जोड द्यायला हवी: गंज चढलेला सांगाडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही लोक त्याच्यावर उभे राहून फोटो काढत होते.

बीडला गाडी आली

लोखंडाचा विषय बीडमध्ये काढला की माणसं पुलावर येत नाहीत, रुळावर येतात. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी यायला २०२२ उजाडलं, बीडला १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. तीस वर्षांत दोन पिढ्यांच्या निवडणुका या एका गाडीवर झाल्या. त्या दिवशी स्थानकावर म्हातारी माणसं नातवंडांना डबा हात लावून दाखवत होती, असं टपरीवाल्याने सांगितलं. त्याचा मेहुणा गेला होता.

रेल्वेची एक सवय रस्त्याने उचलण्यासारखी आहे. तिच्या प्रत्येक पुलाला नंबर असतो, तो पुलावर रंगवलेला असतो, आणि त्या नंबराची नोंदवही कुणाच्या तरी टेबलावर असते. कोणत्या साली कोणती पट्टी बदलली, रंग कधी दिला, पुराचं पाणी कुठवर चढलं. खांबांवर पूरपातळीच्या खुणा असतात. रस्त्याच्या पुलांच्याही तपासण्या होतात, पावसाळ्याआधी आणि नंतर, त्यासाठी रस्ते परिषदेची पुस्तिका आहे. काका ती कोळून प्यायलेले. पण ज्या उपविभागात शेकडो मोऱ्या आणि पूल, खड्ड्यांच्या तक्रारी, पुढाऱ्यांचे दौरे, आणि माणसं मोजकी, तिथे पाहणी बहुतेक वेळा गाडीच्या खिडकीतून होते.

परत चढताना काकांना दम लागला. भरावाच्या मध्यावर एका दगडावर बसले, काठीने पँटला चिकटलेला काटा काढला. मी विचारलं, उद्या तुमच्या हातात पैसा दिला तर या जिल्ह्यातल्या पुलांसाठी काय कराल? एखादा लोखंडी?

"पायऱ्या," ते म्हणाले.

मला वाटलं ते थकव्याने बोलतायत. पण त्यांनी हिशेबच मांडला. प्रत्येक मोठ्या पुलाला, दोन्ही काठांना, भरावावरून खाली पायऱ्या. अडीच फूट रुंद, दगडी, एका बाजूला पाइपाचा कठडा. खर्च पुलाच्या मानाने काहीच नाही. नियमातही आहे, नकाशातही कधी कधी असतात, बिल काढायच्या वेळी गळतात. "पायऱ्या असल्या की नवा पोरगा खाली उतरतो. नसल्या तर वरूनच बघून सही करतो. मी पण केल्यात तशा सह्या, पाऊस असला म्हणजे." मग ते उठले आणि वरच्या बाभळीची फांदी काठीने बाजूला सारून मला म्हणाले, "तुम्ही आधी चला, मागून कुणी ढकललं की मला चढता येतं असं नाही, पण तुमचा हात वरून मिळेल."